पोर, ढोर आणि वेडा

अंबाजीनं मोरूला बांधावर मारलं ते साऱ्या खारकोंडीनं डोळ्यांनी पाहिलं. का मारलं ते मात्र एकालाही कळलं नाही. लोकांना वाटलं, नियमासाठी मारलं. वाटू दे. गावाला कारण लागतं, आणि इथं ते आयतंच हाताशी होतं.

खारकोंडी म्हणजे धरमतरच्या खाडीला टेकलेलं आगऱ्यांचं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि शेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे मातीचा बांध. बांध उभा तर गाव जेवणार. बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून बांधाचे नियम कडक. त्यातला एक असा, की बांधावर कुणी मुतायचं नाही. का, म्हणून विचारलंत तर म्हातारी माणसं तुमच्याकडेच टकामका बघतील. बांध ही गावदेवीची मांडी, मांडीवर मोठा माणूस मुततो का? जो मुतेल त्याला पंचांसमोर उघड्या पाठीवर ओल्या दोराचे फटके. पोर, ढोर आणि वेडा, एवढ्यांना तेवढं माफ.

आणि अंबाजी म्हात्रे हा त्या बांधाचा नाईक. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध कुठं फुटला, की म्हातारा चांगदेव पंच बांधावर उभा राहून घरोघरच्या कर्त्याचं नाव घेऊन साद घालायचा. पहिली साद अंबाजीला. खांडीच्या तोंडावर छातीभर पाण्यात पहिला उभा राहायचा तो अंबाजी, मग त्याच्या खांद्याला खांदा लावून बाकीचे. पन्नाशी उलटली तरी ती जागा त्यानं कुणाला दिली नव्हती.

सन चौतीसचा पौष महिना. भातं झोडून झाली होती, बांधाची डागडुजी चालली होती. माणसं खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला, चिखल डोक्यावरून वाहत होती. सकाळपासून अंबाजी तीनदा तिवरांच्या झाडीत जाऊन आला होता. कळ यायची, पोट फुगायचं, तिवराची फांदी धरून दात-ओठ खात उभं राहायचं आणि शेवटी काय, चार थेंब. वर्षभर हे चाललं होतं. कुणाला सांगणार? नाईकानं कुणाला सांगायचं?

तिसऱ्यांदा झाडीतून वर आला तर समोर मोरू. मोरू त्याचा सख्खा चुलतभाऊ. सकाळीच थोडी ताडी घेऊन आलेला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं लंगोटी सारली होती आणि बांधाच्या उतारावर मोकळा होत होता. चांगली जाड, लांब धार. मोरूनं डोळे मिटले होते आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होता.

अंबाजी त्या धारेकडे बघत राहिला. ती थांबेचना. आणि मग त्याच्या डोक्यात काय शिरलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. राग बांधाचा नव्हता, देवीचा नव्हता. राग त्या धारेचा होता. त्यानं खोऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि मोरूच्या तोंडावर हाणला. मोरू वळायच्या आत दुसरा खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज चिखल टाकणाऱ्यांना ऐकू गेला. मोरू खाली पडला, तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा बाहेर आला, तरी अंबाजी मारतोच आहे.

त्याचा मुलगा भागोजी धावत आला आणि त्यानं बापाला कमरेला मिठी घातली. "बाबा, मरंल त्यो. सोडा."

"बांधाव मुतला," अंबाजी धापा टाकत म्हणाला. "मुतला ह्यो."

"त्याला दोर हाय," चांगदेव म्हणाला. "दांडा कदीपासून आला रं नियमात?"

मोरूला झोळीत घालून नेलं. जाताना तो मोडक्या तोंडानं एवढंच म्हणाला, "अंब्या, ध्यानात ठेवीन." आणि कुणी काही म्हटलं नाही, कारण मुतला होता हे खरंच होतं.

घरी ठमाबाईला हे सांगायला कुणी लागलं नाही. तिनं नवऱ्याच्या हातावरचं रक्त बघितलं, भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, "आजबी न्हाय झाली ना मोकली?"

बायकोला ठाऊक आहे हे अंबाजीला त्या क्षणी कळलं. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या अंगावर भिरकावला. तो तिच्या भुवईवर लागला. ठमाबाईनं पदरानं भुवई दाबली, तांब्या उचलून जागेवर ठेवला आणि चुलीतली लाकडं मागं ओढली. असले तांबे तिनं बत्तीस वर्षं झेलले होते.

दुसऱ्या दिवशी ते चार थेंबही बंद झाले.

पळसाची फुलं उकडून पोटावर बांधली. गोखरूचा काढा दिला, तो आत जाऊन पोट आणखीच तट्ट झालं. दुपारपर्यंत बेंबीखाली कलिंगडाएवढा फुगा दिसायला लागला आणि अंबाजी भिंतीवर डोकं आपटू लागला. जो जवळ येईल त्याला लाथ. भागोजीनं गाडी जुंपली, शेजारच्या दोघांनी मिळून त्याला धरून गाडीत घातला, ठमाबाई उशाशी बसली आणि अलिबागची वाट धरली. रस्त्यात खड्डा आला की अंबाजी आईच्या नावानं हंबरायचा. भागोजी मवाळ पोरगा, बैलांवर कधी आसूड न उडवणारा. त्या दिवशी त्यानं बैलांच्या पाठी सोलून काढल्या.

अलिबागच्या डॉक्टरानं धातूची बारीक नळी आणली. कुठून घालणार ते कळल्यावर अंबाजी उठून पळायला निघाला. तिघांनी त्याला दाबून धरला. नळी आत सरकली तसा तो असा ओरडला की बाहेर बसलेली ठमाबाई उठून दाराशी आली. मग तस्तात पाणी पडल्याचा आवाज. बराच वेळ तोच आवाज. आणि अंबाजी रडायला लागला. दुखलं म्हणून नव्हे, सुटलं म्हणून. एवढं सुख त्याला लग्नात झालं नव्हतं.

पण डॉक्टरला तेवढ्यानं भागलं नाही. त्यानं बोट घालून मागच्या वाटेनं तपासलं. अंबाजीला आधी समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा त्यानं वळून डॉक्टरच्या छातीत लाथ घातली. डॉक्टर कपाटावर जाऊन आदळला. उठला, चष्मा शोधला, हात धुतले आणि काही झालंच नाही अशा आवाजात बोलू लागला.

"बाबा, वय झालं की इथली गाठ वाढते, ती मऊ असते. तुमची दगडासारखी आहे. हा कर्करोग आहे. नळी घालून घरी गेलात तर थोडे महिने जातील, मग हाडं दुखू लागतील आणि पुढचं मी सांगायला नको. गाठ कापून काढायची तर मुंबईला जावं लागेल. टेबलावर जाणारेही असतात. उठलात तर काही वर्षं मिळतील. पण दोन गोष्टी आत्ताच सांगतो, बाईंनाही ऐकू द्या. बायकोजवळ जाणं संपलं. आणि लघवी धरून ठेवता येईल असा भरवसा नाही."

"म्हंजे?" ठमाबाईनं विचारलं.

"गळत राहील. थोडी किंवा बरीच."

समुद्राकडेला सुरूच्या झाडाखाली नवरा-बायको बसली. भागोजीनं बैलांना पेंढा टाकला आणि तो मुद्दाम तिकडेच उभा राहिला. अंबाजी वाळूत काडीनं रेघा ओढत होता.

"मुतरा म्हातारा व्हऊन जगू?" तो म्हणाला. "चालत्या वाटंला धोतर वलं? त्यापरीस मेलेला बरा."

"मंग मरा," ठमाबाई म्हणाली.

अंबाजीचा हात उठला. ठमाबाई हलली नाही. भुवईवरची खपली तशीच होती, आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"मारा. पन ऐका. पोरांचा मूत धुतला, सासू अंथरुनाव होती तिचा धुतला. तुमचा धुवाला मना जड न्हाय. आनि दुसऱ्या गोष्टीचं बोलाल, तर ती मना तशीबी नको झाली हाय. दारू पिऊन येताव, मारताव, मंग जवल घेताव. त्यात मना काय ग्वाड लागत व्हतं? कुकू पुसायचं न्हाय मना, येवढंच. का, तर तुमी ग्याल्याव ह्यो भागोजी एकला पडंल आनि मोरू त्याला बांधाव जगू देनार न्हाय. तुमीच पेरून ठेवलंव ते."

हात खाली आला. बत्तीस वर्षांत बायको एका दमात एवढं बोलली नव्हती. अंबाजी भागोजीकडे बघत राहिला. पोरगा बैलाच्या पाठीवर ज्या ठिकाणी आसूड लागला होता तिथं हात फिरवत होता. तो काय खांडीच्या तोंडावर उभा राहणार.

पण लोक पुढं सांगायचे तसं हे शौर्यबिर्य नव्हतं. पोराची काळजी होती, मोरूचा धाक होता, हे सगळं खरं. त्याहून खरं म्हणजे ते तट्ट पोट पुन्हा व्हायचं भय होतं. मरणाला अंबाजी भीत नव्हता, त्या पोटाला भीत होता.

"कापू दे," तो म्हणाला आणि काडी मोडून टाकली.

धरमतरहून बोटीनं मुंबई. इस्पितळाचं नाव त्याला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. आधी पंधरवडाभर नळी लावून नुसतं निजवलं, अंगातलं विष उतरू दे म्हणून. मग एका सकाळी टेबलावर घेतलं. पाय वर करून दोन खांबांना बांधले, बाळंतिणीसारखे. अंबाजीनं आयुष्यात अनेकांना बांधलं होतं, त्याला कुणी बांधलं नव्हतं. नाकावर गोड वासाचं फडकं आलं तसा तो झटू लागला. एक पाय सोडवून त्यानं वॉर्डबॉयचं नाक फोडलं. मग चौघं अंगावर बसले आणि फडकं दाबून धरलं. त्याला वाटलं आपण खांडीत बुडतोय आणि वरून कुणीतरी चिखल टाकतंय.

जाग आली तेव्हा मांड्यांच्या मधे विस्तव ठेवलाय असं वाटत होतं. नळीतून बाटलीत लाल पाणी पडत होतं. रक्ताच्या गाठी अडकल्या की नळी तुंबायची, पोट पुन्हा फुगायचं, आणि नर्स पिचकारीनं पाणी मारून गाठी फोडायची. त्या वेळी अंबाजी लोखंडी खाटेची दांडी धरायचा. नर्स रोज एकच सांगायची, पाणी प्या, भरपूर पाणी प्या, नाहीतर आत सडेल. मोठा डॉक्टर येऊन शिकाऊ पोरांना इंग्रजीत काही सांगायचा, चादर वर करून दाखवायचा. पोरं वाकून बघायची. अंबाजी छताकडे बघायचा. खारकोंडीत त्याच्या अंगाकडे असं बघणाऱ्याचे डोळे त्यानं काढले असते.

ठमाबाई खाटेखाली गोणपाटावर झोपायची. तिनं त्याचं सगळं केलं. जखम धुतली, हागमूत काढलं. तो शिव्या घालायचा, ती ऐकायची. नळी काढली त्या दिवशी डॉक्टर हसून म्हणाला, गाठ पूर्ण निघाली, घरी जा. अंबाजी उभा राहिला आणि पहिल्याच पावलाला मांडीवरून ऊन ओघळ खाली आला. तो थांबला. ओघळ थांबला नाही.

चैत्रात गावात आला. लोक भेटायला आले, नारळ आणले, निवट्यांची ताजी मासळी आणली. सगळे हळू आवाजात बोलत. ज्यांनी आजवर त्याच्याशी पाणी सोडण्यावरून भांडणं केली होती तेही म्हणाले, "दादा, तुमी आराम करा." अंबाजी लंगोटीच्या आत फडकी कोंबून, वर धोतर नेसून, ओटीवर बसायचा. थोड्या वेळानं वास यायचा. आलेला माणूस वास न आल्यासारखं करायचा. अंबाजीला ते करणं कळायचं आणि त्याच्या अंगाचा भडका उडायचा.

वैशाखात बांधावर उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, नवं बसवायचं होतं. चांगदेवनं साद घातली. अंबाजी घरात कान देऊन बसला होता. पहिली साद मोरूला गेली. मग चार-पाच घरं. मग, "भागोजी हो." म्हात्र्यांच्या दारात बापाचं नाव सोडून पोराचं नाव पडलं होतं. भागोजी खोरं घेऊन मान खाली घालून निघाला.

त्या दिवसापासून अंबाजीनं पाणी प्यायचं सोडलं. डोकं त्याचं खारेपाटातलं, बांधा-उघाडीत वाढलेलं. उघाडी गळते ना? मग आत पाणीच घ्यायचं नाही, म्हणजे बाहेर काय येणार? वैशाखाचं ऊन, आणि हा माणूस दिवसाला ओंजळभर पाण्यावर राहू लागला. फडकी कोरडी पडायला लागली तसा तो खूश झाला. ठमाबाईला म्हणाला, "बघ, बुजली." चार दिवसांत ताप चढला. लघवी तांबडी, घाण वासाची, आणि थेंब थेंब जळत येणारी. तो बडबडू लागला, तरी तोंडाशी तांब्या नेला की दात घट्ट.

ठमाबाईनं दुपारपर्यंत विनवण्या केल्या. देवीची आण घातली. मग तिनं दाराला कडी लावली, पदर खोचला, त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि नाक दाबलं. तोंड उघडलं तसं पाणी ओतलं. त्यानं ते तिच्या तोंडावर थुंकलं. तेव्हा ठमाबाईनं त्याच्या कानशिलात दिली. एक नाही, चांगल्या चार-पाच. बत्तीस वर्षांचा हात तो, साठवलेला.

"पी," ती म्हणत होती. "पी, मेल्या. मी तुजा मूत काढला त्या इस्पितलात, मडमांच्या समोर. तो काय तू असा मरावास म्हनून? गलू दे. नदी व्हवू दे. पी."

तांब्यामागून तांब्या. तो गुदमरला, ओकला, प्याला. संध्याकाळी त्यानं अंथरूण भिजवलं, पार चिंब, आणि ताप उतरू लागला. ठमाबाई कोपऱ्यात बसून स्वतःच्या हाताकडे बघत रडत होती. अंबाजी पडल्या पडल्या म्हणाला, "हात जड हाय गो तुजा." पुढं त्यानं तिच्यावर हात टाकला नाही. टाकावासा वाटला नाही की टाकायची छाती झाली नाही, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

भादव्याची अवस. भातं पोटरीला आलेली, आणि उधाणाची भरती ऐन दुपारी. आभाळ मोकळं, ऊन कडक. खाडी बांधाच्या माथ्याला लागली आणि उघाडीच्या शेजारी खेकड्यांनी पोखरलेली माती खचली. बघता बघता दहा हात खांड पडली. पाणी भातात शिरलं.

चांगदेवची साद आली. मोरू, मग एकेक घर, मग "भागोजी हो." भागोजी धावला. अंबाजी ओटीवर बसून राहिला. आता बांधावर चढणं म्हणजे सगळ्यांसमोर ते ओघळणं, आणि त्यातही मोरूसमोर. तो बसला. सुकती लागली, म्हणजे भरती उतरायला लागली, तसं आत शिरलेलं पाणी उलट खाडीकडे ओढायला लागलं, आणि खांड आणखी रुंदावू लागली. रात्रीची भरती यायच्या आत ती बुजली नाही तर सगळं संपलं. एवढ्यात शेजारचा एक जण बांबूचे तट्टे न्यायला परत आला आणि ओरडत गेला, "भागोजीला तोंडाव ठेवलाय मोरूनं. वाहून चाललाय त्यो."

अंबाजी उठला. धोतर फेडून फेकलं, फडकी काढून फेकली, आणि नुसत्या लंगोटीवर धावत निघाला. धावताना तर ते अजिबात राहत नाही. पोटऱ्यांपर्यंत ओघळ.

बांधावर मोरू समोर आला. त्याचा पुढचा दात नव्हता. त्यानं अंबाजीच्या पायांकडे बघितलं आणि कोरड्या मातीवर पडणाऱ्या थेंबांकडे. मग मोठ्यानं म्हणाला, "चांगदेवदा, मुततोय ह्यो. बांधाव मुततोय."

सगळे बघत होते. अंबाजी म्हणाला, "व्हय, मुततोय. खांड बुजल्याव काय ते बघा. आदी पान्यात उतर." आणि त्यानं खांडीत उडी घेतली.

पोरगा खुंटाला लटकला होता, नाकातोंडात पाणी. अंबाजीनं त्याला केसांना धरून ओढला आणि माणसांच्या रांगेत मागं ढकलला. स्वतः तोंडावर उभा राहिला. पाण्याचा रेटा छातीवर आला तसं मुंबईचं शिवलेलं सगळं उसवतंय असं वाटलं. शेजारी मोरू येऊन भिडला. वरून खुंट मारत होते, तट्टे आणि पेंढा देत होते, चिखलाची ढेकळं डोक्यांवर पडत होती. एक तट्टा वर धरायची वेळ आली आणि अंबाजी ओरडला, "मोऱ्या, हात वर कर."

मोरूचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. तो दात खाऊन उचलत होता आणि हात अर्ध्यातच थरथरत होता. तिथंच दांडा बसला होता. अंबाजीनं ते बघितलं. तट्ट्याची ती बाजू त्यानं आपल्या डोक्यावर घेतली आणि मोरूकडे पुन्हा बघितलं नाही. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

सूर्य कलला तेव्हा खांड बुजली. माणसं बांधावर आडवी पडली. अंबाजी उभा होता, कारण बसलं की दुखायचं. लंगोटीतून पाणी गळत होतं, खाडीचं आणि त्याचं. चांगदेव उठला, त्याच्याजवळ आला आणि मायेनं खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाला, "मोरू बोलला ते खरं हाय. पन ह्याच्या हातात न्हाय ते. आजारपन हाय. ह्याला माफ."

सगळ्यांनी माना हलवल्या. "माफ, माफ," कुणी कुणी म्हणालं. कुणी तरी चकचक केलं.

अंबाजीनं तो हात झटकला. "माफ कुनाला असतं, चांगदेवदा?"

चांगदेव मागं सरला.

"पोराला, ढोराला, येड्याला. मी त्यातला कोन, सांग. आज माफ केलंस का मी मरंपरेंत बांधाव ढोर. मना दोर दे."

"बाबा, गप ऱ्हावा," भागोजी म्हणाला. "जखम हाय अजून."

"जखम पुडं हाय. पाठ साबूत हाय." तो मोरूकडे वळला. "तुला मी दांड्यानं मारला. नियमात न्हवतं ते. मनात दुसरंच व्हतं, तुज्या मुतन्याचा मना हेवा वाटला. घे दोर. तुजा उजवा चांगला हाय."

मोरूनं डावा खांदा चोळला. मग म्हणाला, "मेलास तर माज्या डोक्याव नको."

"मुंबईला कापला तवा न्हाय मेलो."

मोरूनं होडीचा दोर खाडीत बुचकळला. अंबाजीनं उघाडीच्या खांबाला मिठी घातली. मोरूनं मारलं. हातचं राखून नव्हे, चांगलं मारलं, पौषापासूनचा दात आणि खांदा त्यात होता. पहिल्या फटक्याला पाठ फाटली. प्रत्येक फटक्यागणिक अंबाजीची लघवी सुटत होती, पायांखाली चिखल होत होता, आणि साऱ्या गावानं ते बघितलं. कुणी हसलं नाही. कुणी चकचक केलं नाही. चांगदेव बस म्हणाला तेव्हा मोरूचाच श्वास चढला होता. दोर टाकून तो बांधावरून निघून गेला.

घरी ठमाबाईनं पाठ बघितली आणि तिचा तोल गेला. कोयता घेऊन ती मोरूच्या घराकडे निघाली. "मी वाचवला तुमाला, आनि ह्यो मारतो?"

अंबाजीनं तिचं मनगट धरलं. "ऱ्हाव दे. त्यानं मना मानसात धरला."

"मानसात," ती म्हणाली. "फटके तुमी खाताव, तेल मी लावते. मना कंदी धरनार मानसात?"

अंबाजीनं मनगट सोडलं आणि पाठ तिच्याकडे करून बसला. ती उभी राहिली, मग कोयता ठेवला, तेल गरम केलं आणि लावायला लागली. दुखेल असंच लावलं तिनं, आणि त्यानं हूं की चूं केलं नाही.

दिवेलागणीला बाहेर पावलं वाजली. मोरूचा आवाज आला. दारात न येता, वाटेवरूनच, आणि तोही नेहमीसारखा वरच्या पट्टीत. "अंब्या. सकालच्या सुकतीला माती टाकायची हाय. येनार का निजनार?"

"येतंय, मेल्या," अंबाजी आतून ओरडला. "तुज्या आदी येतंय."

पावलं निघून गेली. ठमाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली, फळीवरचं आपलं एक लुगडं काढलं आणि सकाळसाठी त्याची फडकी फाडायला घेतली.